पाण्याचा नेम आणि मीटरचा संशय

माझे नेम किती, असं कुणी विचारलं तर मी सांगत नाही. नेम मोजायचे नाहीत, हाही माझा एक नेमच आहे. पण जे लपून राहत नाहीत तेवढे सांगते. सकाळी माळ पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही. दिवसभरात आवाज चढवायचा नाही. खोटं बोलायचं नाही, अगदी दाराशी साबण विकायला येणाऱ्या मुलीशीसुद्धा नाही. त्यामुळे ‘घरात साबण आहे’ असं मी तिला खरंच सांगू शकेन, इतके साबण आता आमच्याकडे साठले आहेत. या नेमांचा घरात कुणाला त्रास नव्हता. सासूबाई तर म्हणायच्या, सुनेला सकाळभर बोलता येत नाही, यापेक्षा देवानं सासूला आणखी काय द्यावं?

त्रास सुरू झाला तो पाण्याच्या नेमापासून.

त्या दिवसांत शहरात पाणी एकच वेळ येत होतं. एके सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत ओतता ओतता माझा हात थांबला. मनात आलं, हे पाणी कुठल्या डोंगरातून निघालं असेल, केवढ्या नळांतून वळणं घेत आपल्या दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलं असेल, आणि आपण त्याची चार दाण्यांशी गाठ घालून देऊन लगेच गटारात लोटतोय. पाहुणा आला आणि पाणीसुद्धा न विचारता दाराबाहेर काढला, त्यातलाच हा प्रकार. आता पाण्यालाच पाणी विचारायचं म्हणजे उपमा जरा घसरली, पण भावना पोचली असेल.

तिथल्या तिथे नेम धरला. घरात आलेलं पाणी दोनदा उपयोगी पडल्याशिवाय मोरीत जाऊ द्यायचं नाही.

ह्यांना सांगितलं. वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता हे म्हणाले, “चांगलं आहे.” इतक्या वर्षांच्या संसारानंतर ह्यांच्या ‘चांगलं आहे’चा अर्थ मला कळतो. ‘मला त्यात काही करावं लागणार नाही ना?’ असा तो असतो. करावं लागणार होतं.

पहिले काही दिवस प्रकरण स्वयंपाकघरापुरतंच राहिलं. नळाखाली पातेलं आलं. तांदळाचं पाणी कुंड्यांना, भाजीचं पाणी फरशी पुसायला, भांड्यांचं शेवटचं पाणी पुढच्या भांड्यांच्या पहिल्या पाण्याला. माझी नजर मग न्हाणीघराकडे वळली. खरं पाणी तिथे होतं. मी एक पसरट टब आणला आणि घरातल्या सगळ्यांना विनंती केली, की आंघोळ त्यात उभं राहून किंवा बसून करावी, म्हणजे ते पाणी बादलीनं संडासात ओतता येईल. मी स्वतः आनंदानं उभी राहिले. सासूबाईंना उभं राहणं जमत नाही, त्या बसल्या.  मग आतून आवाज आला, की ह्या घरात मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला हत्तीवरून आणणार होते, ते राहिलं. पण म्हातारपणी लेकाच्या घरी मला टोपलीत बसवतील असं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

नंतर हे आंघोळ करून, टॉवेल गुंडाळून, दोन्ही हातांत भरलेली बादली धरून न्हाणीघरातून संडासाकडे निघाले. वाटेत बैठकीची खोली लागते. त्याच वेळी इमारतीचे अध्यक्ष पाणीपट्टीची चौकशी करायला दारात उभे होते आणि दार सासूबाईंनी उघडलं होतं. पुढे काय झालं ते मी लिहीत नाही. दोन्ही हातांत बादली असलेल्या माणसाला टॉवेल सावरता येत नाही, एवढं सांगितलं तरी पुरे. ह्यांनी बादली मात्र सोडली नाही. तेव्हा मला ह्यांच्याबद्दल जो आदर वाटला तो बोलून दाखवायची ती वेळ नव्हती, शिवाय माझी माळ चालू होती.

महिन्याभरात कुंड्यांनी हात टेकले. मनीप्लांट पिवळा पडला. त्याला पाणी नको होतं, पण आमच्याकडे त्याच्याशिवाय घेणारं कुणी उरलं नव्हतं. बादल्या, पातेली, जुना कुकर, आता परगावी असलेल्या मुलाचा लहानपणचा टब, सगळं भरून घरभर ठेवलेलं. रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसानं दिवा लावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही असा एक नवा नेम ह्यांनी स्वतःपुरता केला. शेवटी प्लंबरला बोलवावं लागलं.

आमचा प्लंबर बोलायला लागला की पाणीसुद्धा थांबून ऐकतं. त्याचा हात लागलेल्या नळांच्या बाबतीत हा अनुभव आम्ही अनेकदा घेतला आहे. त्यानं घर पाहिलं, बादल्या पाहिल्या आणि माझ्यापुढे हात जोडले. म्हणाला, बाई, तुम्ही जे करताय ते उद्या सगळ्या जगाला करावं लागणार, फक्त तुम्ही ते हातानं करताय, जग नळीनं करील. मला ते वाक्य फार आवडलं. आवडलेल्या वाक्याच्या भरात मी त्याला काय काय करायचंय ते नीट विचारलं नाही. त्यानं बाल्कनीत उंच चौरंगावर निळा पिंप बसवला, कपडे धुण्याच्या मशीनची नळी त्यात सोडली आणि पिंपातून दुसरी नळी संडासाच्या टाकीत नेली. कपड्यांचं पाणी आपोआप संडासाला. बादली नको, टॉवेल नको. ह्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला.

साबणाचा फेस होतो हे आम्हां तिघांनाही माहीत होतं. पण माहीत असलेल्या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायची सवय माणसाला नसते.

पहिल्या दिवशी ह्यांनी टाकी ओढली आणि फेस वर आला. ह्यांनी तो घालवायला पुन्हा टाकी ओढली. आमच्याकडचा फेस गेला, पण गेला म्हणजे खाली गेला. तळमजल्यावर अध्यक्ष दाढी करत होते. बँकेतून व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेला हा माणूस घाईघाईनं निष्कर्ष काढणारा नव्हे. पायाशी फेस दिसला तेव्हा त्यांनी आधी तो आपल्याच गालावरून सांडला असेल असं समजून पुसला. तो घोट्यापर्यंत चढला तेव्हा मात्र त्याचा उगम आपल्या गालावर नाही याची त्यांना खात्री पटली. त्याच अवतारात, अर्धी दाढी झालेले, ते दोन मजले चढून आले. या माणसानं ह्यांना टॉवेलशिवाय पाहिलं होतं. आता ह्यांनी त्यांना असं पाहिलं. मला वाटलं, फिटंफाट झाली. पण सूचनाफलकावर संध्याकाळी लागलेल्या कागदात फक्त आमचाच उल्लेख होता.

तो कागद वाचून सल्ले सुरू झाले. इमारतीत कुणी आजारी पडलं तर एवढी माणसं येत नाहीत. एकजण म्हणाले, पिंपात मासे सोडा, ते साबण खातात. कुठले मासे, ते त्यांना आठवेना. वरच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांचा जीव लोकांच्या संसारात गुंतलेला असतो, त्यांनी वाळू, खडी आणि कोळशाचे थर द्यायला सांगितलं. त्यांच्या माहेरी विहिरीचं पाणी असंच गाळत. आम्ही दिले. कोळसा धुऊन घ्यायचा असतो हे काकूंना माहीत होतं, पण इतकं साधं काय सांगायचं म्हणून त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सासूबाई संडासातून हाक मारून म्हणाल्या, की मला काहीतरी भयंकर झालंय, डॉक्टरांना बोलवा आणि माझ्या मुलीला कळवा. पाणी शाईसारखं काळं होतं. त्यांना काहीही झालेलं नाही हे पटवून देईपर्यंत नणंदबाई गाडीत बसल्यासुद्धा होत्या.

मग कोळसा धुतला, तो धुतलेलं पाणी साठवलं, त्याचं काय करायचं यावर घरात बैठक झाली, आणि हळूहळू सगळं ठाकठीक बसलं. फेस थांबला. काळेपणा गेला. मनीप्लांटला एक नवं पान आलं. नळ सोडायची वेळच फारशी येईना. आमच्या मीटरचा काटा देवळातल्या म्हाताऱ्यानं प्रदक्षिणा घालावी तसा हलायचा. मला मनातून समाधान वाटत होतं. इमारतीत दोन-चार ठिकाणी मी ते हळू आवाजात बोलूनही दाखवलं. नको होतं दाखवायला.

मीटर वाचणारा माणूस आला. त्यानं मीटरवर टिचकी मारली. मग कान लावला. मग माझ्याकडे, घराकडे आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. घरात कितीजण राहता, असं विचारलं. मी तीन म्हटलं. तो ‘हं’ म्हणाला. अनेक माणसं अनेक प्रकारे ‘हं’ म्हणतात, पण त्याच्या ‘हं’नं मी घरी बसून धुणीभांडी करणारी बाई राहिले नाही. आठवड्याभरात नोटीस आली: पाण्याचा वापर संशयास्पदरीत्या कमी आहे, मीटरमध्ये फेरफार अथवा बाहेरून चोरटी जोडणी असल्याचा संशय आहे, खुलासा करावा, अन्यथा पाणी तोडण्यात येईल.

मी नोटीस देवासमोर ठेवली. देव काही बोलला नाही. त्याचेही काही नेम असतील.

पाणी खात्याच्या कचेरीत मी आणि हे गेलो. तक्रारींच्या तीन खिडक्या होत्या. पाणी येत नाही, पाणी घाण येतं, बिल जास्त येतं. आम्ही तिन्ही खिडक्यांवर नम्रपणे उभे राहिलो आणि तिन्हीवरून नम्रपणे पुढे पाठवले गेलो. शेवटी एका कारकुनानं आमचं ऐकून घेतलं. तो मनानं चांगला होता. त्यानं खुर्ची दिली आणि म्हणाला, “बाई, माझी नोकरी संपत आली, पण बिल कमी येतं म्हणून इथे कुणी आलेलं नाही. एक सांगू का? महिनाभर एक नळ जरा सोडून ठेवा. आकडा चारचौघांसारखा झाला की हे सगळं आपोआप मिटेल.”

हे माझ्याकडे आशेनं बघायला लागले. सुटकेचा रस्ता एवढा सोपा होता. नुसता नळ सोडायचा. पाणी वाहून जाईल आणि आपण प्रामाणिक ठरू. मी म्हटलं, “ते मला जमायचं नाही.” हे मी इतकं हळू म्हटलं की ते मला तीनदा म्हणावं लागलं, आणि तिसऱ्या वेळी सगळी कचेरी शांत होऊन ऐकत होती.

मग दुसरा मार्ग निघाला. खात्याचे एक साहेब दिवसभर आमच्या घरी बसतील. त्या दिवसाचा वापर आमच्या नेहमीच्या आकड्याशी जुळला तर नोटीस रद्द. जास्त भरला, तर उरलेलं पाणी आम्ही एरवी चोरून आणतो असं धरायचं, जोडणी तोडायची आणि तसा कागद इमारतीच्या फलकावर लावायचा.

मला भीती वाटली ती फलकाची. पाणी एक वेळ टँकरनं आणता येतं. पण जिन्यात मला बघून कुजबूज आताच सुरू झाली होती. पाणी चोरते म्हणे, आणि वर माळ ओढते. हे वाक्य वरच्या काकूंच्या तोंडून निघालं होतं असं मला नंतर कळलं. त्यांना वाईट हेतू नव्हता, वाक्यच तसं चांगलं जमलं होतं. त्या दिवशी माळ ओढताना माझे मणी दोनदा चुकले.

साहेब आले ते सकाळीच. माझी माळ चालू होती, त्यामुळे स्वागत ह्यांनी केलं. धिप्पाड गृहस्थ, हातात मोजमापाचा डबा, कपाळावर घाम. मी न बोलता त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. ते दोन घोट प्यायले आणि ग्लास खाली ठेवला. अर्धा. पाण्याच्या त्या अर्ध्या ग्लासाकडे बघत मी उरलेली माळ पूर्ण केली. मन कुठे होतं ते देवाला माहीत आहे. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा पाणी मागितलं. पाहुण्याला उष्टं पुढे करता येत नाही, म्हणून नवा ग्लास. तोही अर्धा. दुपारपर्यंत खिडकीच्या कट्ट्यावर अर्ध्या ग्लासांची रांग लागली. प्रत्येकावर मी बशी झाकून ठेवली होती. संधी मिळाली की त्यांचा काही ना काही उपयोग करणार होते.

साहेबांना मधुमेह होता, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यामुळे त्यांना आमच्या व्यवस्थेची ओळख लवकर झाली. पहिल्यांदा टाकी ओढून ते धावत मीटरपाशी आले. काटा जागच्या जागी. ते पुन्हा आत गेले, पुन्हा टाकी ओढली, पुन्हा धावत आले. काटा ढिम्म. ह्यांनी अभिमानानं पिंपाची नळी दाखवली. साहेबांनी शर्टाची बाही वर केली आणि गाळणीत कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काढला तो काळाकुट्ट.

मग त्यांनी हात धुतला. आमच्या स्वयंपाकघरातला नळ त्यांनी पूर्ण सोडला आणि साबण लावता लावता ह्यांना आपल्या बदलीची हकिगत सांगायला सुरुवात केली. ती मोठी होती. वरिष्ठांचा अन्याय आला तिथे त्यांनी हात चोळणंही थांबवलं आणि नळाकडे पाठ करून बोलू लागले. नळ वाहत होता. आवाज चढवायचा नाही हा नेम मी किती वर्षं पाळतेय, पण तो किती अवघड आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी हळूच टब नळाखाली सरकवला, भरला की बाजूला घेतला, दुसरं भांडं लावलं. काळं पाणी वेगळ्या बादल्यांत भरून मी बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवत गेले. साहेबांचं गाळणीविषयी समाधान होईना. दिवसभरात त्यांनी तीनदा हात घातला, आणि तिन्ही वेळा बदली सांगितली.

त्यात सासूबाईंनी जाहीर केलं की आज त्यांचा डोक्यावरून न्हायचा दिवस आहे. तो खरंच होता.

दुपारी साहेब बाल्कनीत पिंपाचा चौरंग तपासत असताना वरून एक कळशी खाली आली. दोरीला बांधलेली, भरलेली, तोंडाला फडकं. ती अलगद उतरली आणि साहेबांच्या नाकासमोर येऊन स्थिर झाली. वरून काकूंचा दबका आवाज आला, “घे गं पटकन. मीटर फिरायला नको.”

काकूंना पश्चात्ताप झाला होता. तो त्यांनी नेमका याच रूपात खाली सोडला.

साहेबांनी हे काय आहे असं विचारलं. हे म्हणाले, की देवाच्या अभिषेकाचं पाणी रोज वरून येतं. इतकं झटपट खोटं ह्यांना सुचतं हे मला लग्नानंतर पहिल्यांदाच समजलं. साहेबांनी कळशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बाई, तुम्ही सांगा.”

मी सांगितलं. पाणी काकूंचं आहे, मी मागितलेलं नाही. पण कळशी दिसल्यावर ती गुपचूप आत घ्यावी असं माझ्या मनात येऊन गेलं, आणि तुम्ही इथे नसतात तर मी घेतलीही असती. वरून दोरी सुटल्याचा आवाज आला. सुदैवानं कळशी ह्यांनी झेलली. बादलीच्या वेळेसारखीच.

त्यावर साहेबांनी विचारलं, की घरात बाहेरचं आणखी कुठलं पाणी आहे का. मी ‘नाही’ म्हणणार, तेवढ्यात हे कपाटाकडे गेले. माझ्या शालींच्या मागून ह्यांनी बाटल्या काढल्या. आदल्या दिवशी कार्यालयातून भरून आणलेल्या. एकामागून एक येतच राहिल्या. मी ज्यांना नेहमी सरळ समजले ते हे, माझ्यासाठी सकाळपासून जरा मोकळे झाले की कपाटाला पाठ लावून उभे राहत होते. रागवावं की काय करावं ते मला कळेना. मी शाली नीट घडी करून ठेवल्या.

संध्याकाळी साहेबांनी हिशेब मांडला. मीटरवरचं पाणी, अधिक कळशी, अधिक बाटल्या. बाहेरून आणलं म्हणजे वापरलंच, असं नियमात धरलेलं असतं. बेरीज आमच्या नेहमीच्या आकड्याच्या बरीच वर गेली. साहेबांना वाईट वाटत होतं. त्यांनी पेन काढलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. म्हणाले, “बाई, तुम्हाला काही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा. नंतर माझ्या हातात राहणार नाही.”

मला म्हणायचं होतं. जास्तीचं पाणी कुणाचं ते कोपऱ्यातल्या काळ्या बादल्यांवरून कुणालाही कळलं असतं. पण घरी आलेल्या माणसानं किती खाल्लं, किती प्यायलं, किती सांडलं, ते मोजायचं नाही. मोजलं तर बोलायचं नाही. हा नेम मी कधी धरला नव्हता, तो आमच्या घरात माझ्याही आधीपासूनचा होता. दाराशी आलेल्या माणसाला, तुम्ही आमचं पाणी संपवलंत, असं तोंडावर म्हणायचं? हे माझ्याकडे बघत होते. फलकावरचा कागद मला दिसायला लागला होता. मी मान खाली घातली आणि म्हटलं, “मला काही म्हणता यायचं नाही.”

साहेबांनी पेन टेकवलं.

“थांबा जरा,” सासूबाई आतून म्हणाल्या. ओल्या केसांना पंचा गुंडाळून त्या दारात आल्या. “ती नाही बोलायची. तिला नेम आहेत. मला एकही नाही.”

साहेब उठून उभे राहिले.

“सकाळपासून बघतेय. हात तुमचे, बदली तुमची, आणि पाणी आमचं. तुमच्यावर अन्याय झाला असेल, नाही असं नाही. पण तो नळ बंद करूनही सांगता आला असता की. त्या कोपऱ्यात जा, झाकणं काढा आणि मोजा. तुम्ही सांडलेला थेंब न् थेंब तिथे आहे. हिनं ठेवलाय. कट्ट्यावर तुमचे ग्लास आहेत, तेही मोजा.” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “ही मला टबात बसवते हो. या वयात. गुडघे हनुवटीला लागतात माझे. मी रोज हिला बोलते आणि रोज त्यात बसते. ह्या घरात पाणी चोरून यायचं असतं, तर मी पाय पसरून न्हायले नसते का?”

 साहेबांनी डबा उचलला आणि बाल्कनीत गेले. बादल्यांवरची झाकणं काढली. आत त्यांचं काळं पाणी तसंच्या तसं होतं. त्यांनी ते डब्यानं मोजलं. मग कट्ट्यावरच्या बशा उचलून प्रत्येक अर्धा ग्लास मोजला. ते मोजत असताना मी भिंतीकडे तोंड करून उभी होते, पाहुण्याचं पाणी मोजलं जाताना बघायला नको म्हणून. कळशीचं फडकं आणि बाटल्यांची बुचं कुणी काढलेली नव्हती, म्हणून तेही पाणी त्यांनी वजा धरलं. सगळं वजा केल्यावर जो आकडा उरला, तो आमचाच होता. सासूबाईंचं न्हाणं धरून.

साहेबांनी नोटीस रद्द केल्याचं लिहिलं आणि सही केली. निघताना त्यांना पुन्हा तहान लागली. म्हणाले, “अर्धाच द्या.” आणि तो त्यांनी पूर्ण संपवला.

ते गेल्यावर मी सासूबाईंना नमस्कार करायला वाकले. त्या म्हणाल्या, पुरे, पाठीला रग लागलीय, आधी जरा चोळून दे.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण साहेब मनापासून प्रभावित झाले होते, आणि सरकारी माणूस प्रभावित झाला की ते एका घरापुरतं राहत नाही. महिन्याभरात खात्याचा आदेश आला. एवढ्या पाण्यात तीन माणसांचं कुटुंब व्यवस्थित राहू शकतं हे या इमारतीत प्रत्यक्ष पाहणीनं सिद्ध झालं आहे, तेव्हा प्रयोग म्हणून या इमारतीचा पुरवठा माणशी त्याच मापानं करण्यात येईल. आदेश सूचनाफलकावर लागला. माझी प्रशंसाही होती, दोन ओळी. अध्यक्षांनी तो स्वतःच्या हातानं लावला आणि चारही टाचण्या जरा जास्तच जोरात दाबल्या.

माझ्यावरचा चोरीचा आळ साफ धुऊन निघाला होता, आणि जिन्यात कुणी माझ्याकडे बघायला तयार नव्हतं. अध्यक्षांच्या घरी टब आला, तो त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणला. कुणी म्हणालं, पिंप कुठे मिळतो. कुणी म्हणालं, ह्या बाईला देवानं इतका वेळ कशाला दिलाय. मी खाली मान घालून जात-येत होते.

चौथ्या दिवशी वरच्या काकू आल्या. दार उघडल्यावर त्या आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि तेवढंच त्यांच्याकडे उरलं असावं.

“खरं सांगू? तू चोर होतीस ना, तेव्हा आम्ही फार सुखात होतो गं.”

 मी माझ्या नेहमीच्या आवाजात विचारलं, “काकू, बादली आणलीय का बरोबर?”

त्यांनी पदराआडून ती पुढे केली.